ऐरण टॅकेटांची, बार स्मिथांचा

मडी फोर्क गावात वर्षातून एकदा ऐरण उडते. ऑगस्टमधल्या दुसऱ्या शनिवारी, जुन्या रहिवाशांच्या दिवशी, कोर्टामागच्या मैदानात एक ऐरण उलटी ठेवतात, तिच्या तळाच्या खोबणीत बंदुकीची दारू ठासतात, तिच्यावर दुसरी ऐरण ठेवतात आणि टोक तापवलेल्या लांब सळईनं वात पेटवतात. मग जो आवाज होतो, त्यानं आसपासच्या कोंबड्या दोन दिवस अंडी घालायचं विसरतात. दोन गड्यांना उचलता उचलवत नाही अशी ऐरण चिमणीसारखी आभाळात जाते. गाव टाळ्या वाजवतं आणि मग बटाट्याच्या सॅलडकडे वळतं.

वर उडणारी ती ऐरण टॅकेटांची. वात पेटवणारा हात मात्र स्मिथांचा. साऱ्या भांडणाचं मूळ एवढंच.

"घोडा आमचा, वरात त्यांची," म्हातारा डेलमर टॅकेट दरवर्षी म्हणायचा. ऐरण त्याच्या कोठारात असे. शुक्रवारी कमिटीचे लोक ट्रक घेऊन यायचे, ती उचलून न्यायचे, आणि सोमवारी काळी पडलेली ऐरण परत आणून टाकायचे. मधल्या काळात डेलमर मैदानात दोरीच्या अलीकडे, पब्लिकमध्ये, घडीच्या खुर्चीवर बसून असायचा. दोरीच्या पलीकडे पँटला लाल गॅलिस लावलेला बार्नी स्मिथ, हातात सळई घेऊन, जणू काही कॅन्सस राज्य त्याच्याच बापानं वसवलंय.

हे सगळं सुरू झालं १९५७ साली. गावाला शंभर वर्षं झाली म्हणून शाळेतल्या मिस ऑट यांनी पहिल्या रहिवाशांच्या जुन्या यादीची सूची तयार केली. मूळ यादी राजधानीत, टोपेकाला. गावाकडे तिची एक प्रत होती, तीही वरून कातरलेली आणि खालून फाटलेली. त्या प्रतीत मिस ऑटना एक नाव सापडलं: बी. स्मिथ. आता स्मिथ म्हणजे लोहार. बाईंनी समासात आपल्या गोल अक्षरांत लिहिलं, "आडनावावरूनच उघड आहे की हेच गावचे पहिले लोहार." कमिटीनं ठराव केला की ऐरणीची वात पहिल्या लोहाराच्या वंशजानं पेटवावी. गावात तेव्हा स्मिथांचं एकच घर होतं, बार्नीचं. त्यांच्या घरच्या बायबलच्या पहिल्या पानावर कुणी बार्नाबस म्हणून पूर्वज नोंदलेला होता. बी. म्हणजे बार्नाबस. झालं, मिळाली गादी!

आणि त्या वर्षी डेलमर टॅकेट कुठे होता? विचिटात, विमानांच्या कारखान्यात रिव्हेट ठोकत. तीन वर्षं पगाराच्या मागे गाव सोडून गेला होता. परत आला तेव्हा त्याच्याच कोठारातली ऐरण दुसऱ्याच्या हातानं उडत होती.

"माझा पणजोबा ओबेद टॅकेट पहिला लोहार होता!" तो कमिटीपुढे ओरडला.

"कागद दाखवा," कमिटी म्हणाली.

कागद नव्हता. ओबेदचं नाव यादीत होतं, पण मिस ऑटच्या सूचीत त्याच्यापुढे काहीच नव्हतं. "शेतकरी असतील," असं म्हणून कमिटीनं विषय संपवला. ऐरण तर काय, लिलावातही विकत मिळते.

एवढं होऊनही डेलमर आणि बार्नी रोज सकाळी चाऱ्याच्या दुकानात मागच्या टेबलावर पत्ते खेळत. गेली चाळीसएक वर्षं. कॉफी एकाच किटलीतली, शिव्या ज्याच्या त्याच्या. भांडण हा त्यांच्या मैत्रीचा तेरावा पत्ता होता आणि दोघंही तो जपून ठेवत.

२००४ सालच्या वसंतात डेलमर कोठाराच्या पायरीवरून पडला. हाड मोडलं नाही, पण डॉक्टरांनी छातीला नळी लावून बरंच काही ऐकलं आणि फार काही बोलले नाहीत. इस्पितळातून घरी नेताना मुलगी ट्रक चालवत होती. अर्ध्या रस्त्यात म्हातारा एकदम म्हणाला, "आर्डिस, मला ती वात एकदा पेटवायची आहे. एकदाच. मग खुशाल मला त्या ऐरणीला बांधून नदीत सोडा."

"डॅड, ऐरण नदीत सोडली तर पुढच्या वर्षी काय उडवायचं?"

"चेष्टा करू नकोस. मी एकोणनव्वदचा आहे."

आर्डिस त्रेसष्टची. तीस वर्षं तिनं शाळेची बस चालवली होती. समोरच्या आरशात बघून, गाडी न थांबवता, मागच्या बाकावर कुणी कुणाच्या सँडविचवर बसलंय हे सांगणारी बाई. नवरा गेलेला, मुलं डेन्व्हरला, हातात वेळच वेळ. बापाचा आवाज असा बारीक झालेला तिनं कधी ऐकला नव्हता. ती म्हणाली, "कागदच हवा ना त्यांना? आणते."

बोलून बसली खरी. पूर्वज शोधणं म्हणजे काय, याची तिला तोवर कल्पना नव्हती. कोर्टाच्या तळघरात जुन्या वह्या होत्या आणि त्यांच्या राखणीला एक कारकून. तो तिच्याकडे असा बघे, की जणू ती वह्या खायला आली आहे. मेथडिस्ट चर्चचे कागद एका फ्रीजमध्ये ठेवलेले होते. फ्रीज बंद होता, पण उंदीर शिरत नाहीत म्हणे. बाप्टिस्टांचे कागद तर उंदरांनी केव्हाच वाचून संपवले होते. राहिलं कोर्टाचं तळघर; तिथं आर्डिस रोज डबा घेऊन जाऊ लागली.

आणि ओबेद सापडू लागला. साधा सापडला असता तर बरं झालं असतं. पहिला सापडला तो दंडाच्या वहीत. रविवारी भर प्रवचनात ऐरणीचा बार उडवून पाद्र्याची खिडकी फोडल्याबद्दल दंड. नोंद अशी होती: "ओबेद टॅकेट, बी. स्मिथ, दंड एक."

आर्डिसनं घरी येऊन सांगितलं. डेलमरला आधी फार आनंद झाला. "बघ! बार उडवणं आपल्या रक्तातच आहे!" मग तो थांबला. "पण तो स्मिथ तिथं कशाला?"

"दोघांनी मिळून उडवला असेल. दोघांत मिळून एकच दंड झालाय."

"म्हणजे दंड भरायला आपला ओबेद, आणि नाव लावायला स्मिथ. तेव्हापासूनच चालू आहे!"

पुढे करपट्टीच्या कागदांत ओबेद पुन्हा भेटला. एक गाय, एक चूल, एक ऐरण. आणि नावाला चिकटून पुन्हा तोच, बी. स्मिथ. दोघांत एकच गाय. आर्डिसला राग आला. मग ओबेद चार वर्षांसाठी शेजारच्या काउंटीत राहायला गेला, तेव्हा तिला वाटलं, चला, सुटला बिचारा. तिकडच्या वहीचं पान उलटलं, तर "ओबेद टॅकेट, बी. स्मिथ". हाही बिऱ्हाड घेऊन मागोमाग!

"गोचीड आहे का माणूस?" डेलमर म्हणाला.

खरा बाँब पडला तो शिरगणतीत. घर एक. पहिल्या ओळीत ओबेद टॅकेट, बी. स्मिथ. दुसऱ्या ओळीत बायको केझाया. खाली पाच मुलं. आणि घर संपलं.

आर्डिसनं हे वाचून दाखवलं तेव्हा डेलमर मक्याचं कणीस खात होता. कणीस तसंच हातात राहिलं.

"दोघांत गाय एक, चूल एक," तो हळूहळू म्हणाला, "आणि बायको?"

"एकच दिसते."

"आर्डिस, तपास थांबव."

"डॅड—"

"थांबव म्हणतो ना! उद्या मला कळायचं की मी स्मिथ आहे. या वयात मला ते झेपणार नाही. मी टॅकेट म्हणूनच मरेन."

पण ती थांबायला तयार नव्हती. खरं तर तिला आता ही जोडगोळी आवडायला लागली होती. कुठेही जा, दोघं बरोबर. चर्चच्या छपराला खिळे पुरवले, दोघांनी. पुराच्या वेळी होडी बांधली, दोघांनी. रात्री झोपताना ती मनातल्या मनात बी. स्मिथचा चेहरा रंगवू लागली. उंच, बारीक, गप्प बसणारा. ओबेद बोलका आणि हा नुसता भाता ओढणारा. एक गोष्ट मात्र खटकत होती. इतक्या ठिकाणी हा माणूस, पण एकटा कुठेच नाही. ना त्याचं लग्न, ना मूल, ना थडगं. बसमधलं एखादं पोर सारखं दुसऱ्याच्याच नावानं हजेरी देत असलं, तर काहीतरी पाणी मुरतंय हे आर्डिसला कळायचं.

म्हणून जुलैत ती टोपेकाला गेली, मूळ यादी बघायला. तिथं एका अंधाऱ्या खोलीत काचेच्या यंत्रावर फिल्मची रिळं फिरवायची असतात. शेजारी एक गृहस्थ आपला पूर्वज सरदार असल्याचं सिद्ध करायच्या खटपटीत होते आणि दर पाच मिनिटांनी उसासे टाकत होते. आर्डिसनं रीळ लावलं. यादी समोर आली, अख्खी, न फाटलेली. वरची नावं तिला पाठ होती. ॲब्सलम रीडर, डब्ल्यू. राइट. जोनास पेल, टी. कीपर. ओबेद टॅकेट, बी. स्मिथ. मडी फोर्कमध्ये कीपर स्ट्रीट होता, याच टी. कीपरच्या स्मरणार्थ १९५७ साली नाव दिलेला. आर्डिसचं घर त्याच रस्त्यावर होतं आणि बाप्टिस्टांचं चर्चही.

मग ती खाली गेली, गावच्या प्रतीत फाटलेल्या भागाकडे. शेवटची ओळ होती: "लोविना डेस, विधवा, काही नाही."

आर्डिसनं ती ओळ दोनदा वाचली. बाकी सगळ्यांच्या शेजारी माणूस होता. लोविनाच्या शेजारी 'काही नाही'. आता हे 'काही नाही' म्हणजे कुठल्या घराण्यातले? आयर्लंडकडचे असतील का? ती खरोखर अर्धं मिनिट विचार करत बसली. मग तिनं फिल्म वर सरकवली, पार वर, गावच्या प्रतीत जो भाग कातरला गेला होता तिथपर्यंत. डाव्या रकान्यावर लिहिलं होतं, नाव. आणि उजव्या रकान्यावर, धंदा.

डब्ल्यू. राइट म्हणजे व्हीलराइट, चाकं घडवणारा. टी. कीपर म्हणजे टॅव्हर्न कीपर, गुत्तेवाला. लिहिणारा लेखनिक आळशी, त्यानं सगळ्यांचे धंदे अर्धे अर्धे लिहिले होते. आणि बी. स्मिथ म्हणजे ब्लॅकस्मिथ. लोहार. ओबेद टॅकेट, लोहार! गाय एक, चूल एक, बायको एक, कारण माणूसच एक.

आर्डिस जी हसायला लागली ती थांबेचना. बाप्टिस्टांनी सत्तेचाळीस वर्षं गुत्त्याच्या रस्त्यावर दारूबंदीची प्रवचनं दिली होती! शेजारचे सरदारांचे वंशज चष्म्यावरून बघू लागले. खोलीच्या राखणदार बाई ओठांवर बोट ठेवत आल्या. "बाईसाहेब, इथं लोक आपल्या मृतांच्या सहवासात आहेत."

"माझा एक आत्ताच मेला," आर्डिस डोळे पुसत म्हणाली. "म्हणजे, जन्मलाच नव्हता."

घरी येऊन तिनं बापाला यादीची शिक्का मारून आणलेली प्रत दाखवली. डेलमरला समजायला एक मिनिट लागलं आणि हसून खोकायला दहा. त्यानं टेबलावर एवढ्या मुठी आपटल्या की मीठदाणी पडली.

"लघुरूप! म्हणजे बार्नी एका लघुरूपाचा पणतू आहे! अगं, माझ्या काठीला त्याच्यापेक्षा जास्त पूर्वज आहेत! चल. ट्रक काढ. आत्ताच्या आत्ता."

"डॅड, उद्या सकाळी सांग."

"उद्यापर्यंत माझं काही झालं तर? चल म्हणतो ना."

वाटेत तो वाक्यं जुळवत होता. आधी असं म्हणायचं, मग तसं, मग बार्नीचं तोंड पडलं की कॉफी मागवायची. एवढा खुश तिनं त्याला आई गेल्यापासून पाहिला नव्हता.

चाऱ्याच्या दुकानात मागच्या टेबलावर बार्नी एकटाच बसला होता. पुढ्यात पत्ते नव्हते, एक फोटो होता.

"बरं झालं आलास थेरड्या," तो म्हणाला. "तुझीच वाट बघत होतो. बस. अगं आर्डिस, तूही बस. हे बघा."

फोटो कबरस्तानातला होता. बार्नीच्या बायकोला, आयोनीला, जाऊन सहा वर्षं झाली होती. दगड दोघांचा एकच, जोडीचा. डाव्या बाजूला आयोनीचं नाव आणि दोन्ही तारखा. उजवीकडे बार्नीचं नाव, जन्माची तारीख आणि पुढे कोरी जागा. मडी फोर्कमध्ये सगळ्यांचेच दगड असे आधीपासून तयार असतात. लोक रविवारी जाऊन आपापला दगड पुसून येतात. पण बार्नीच्या नावाखाली आता नव्या अक्षरांची एक ओळ होती: "पहिले लोहार बी. स्मिथ यांचा पणतू."

"परवा कोरून घेतली," बार्नी म्हणाला. "फार विचार केला रे. शेती आपली बेताची. मूल झालं नाही. सैन्यात गेलो तर तिथंही बटाटेच सोलले. म्हटलं, माणसानं काय सांगावं आपल्याबद्दल? मग म्हटलं, हे तर आहे. हे कुणी काढून घेऊ शकत नाही. अक्षरं बरी आलीत ना?"

आर्डिसनं बापाकडे बघितलं. डेलमरचं तोंड उघडं होतं. वाक्य जिभेवर आलेलं दिसत होतं. त्यानं ते गिळलं, अगदी दिसेल असं गिळलं, आणि फोटो डोळ्यांजवळ नेला.

"'पणतू' जरा तिरका झालाय," तो म्हणाला.

"तुझे डोळे तिरके आहेत."

"वाट पत्ते."

ते दोन डाव खेळले. डेलमर दोन्ही हरला आणि शिवी एकही दिली नाही. बार्नीनं काळजीनं विचारलं, बरं आहे ना? परतताना ट्रकमध्ये म्हातारा खिडकीबाहेर बघत बसला.

"दगडावर कोरलंय गं," शेवटी तो म्हणाला. "कागद असता तर फाडला असता. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या माणसाचा पणजोबा मी कसा काढून घेऊ? दुसरं आहेच काय त्याच्याकडे?"

"मग नाही सांगायचं?"

"एक अक्षर नाही."

"आणि वात?"

डेलमर चटकन वळला. "वात मला हवी. ती सोडली असं मी कुठं म्हटलं? ओबेद माझा आहे आणि तो लोहार आहे."

"डॅड, दोन्ही कसं जमणार? एक तर तो लोहार, नाही तर हा."

"ते तू बघ. तीस वर्षं बस चालवलीस. दोन पोरांना एकाच खिडकीजवळ बसवायचीस की नाही?"

आर्डिस तीन दिवस चिडचिड करत फिरली. भांडी जोरात घासली. बापावर चिडली, बार्नीवर चिडली, सगळ्यात जास्त मिस ऑटवर चिडली, पण त्या बाई हिशेब द्यायला आता हयात नव्हत्या. तिच्या हातात खरं होतं, शिक्क्यासकट, आणि ते कुणाला दाखवता येत नव्हतं. चौथ्या दिवशी कपडे वाळत घालताना तिला एकदम हसू आलं. ती आत गेली, टोपेकाहून आणलेला कागद टेबलावर ठेवला आणि वरचा मथळ्याचा भाग मागे दुमडून नखानं घडी पक्की केली.

कमिटीच्या अध्यक्ष ग्लेंडा हचेन्स जुन्या रेल्वे स्टेशनात गावचं म्युझियम चालवत. केस फवाऱ्यानं असे घट्ट बसवलेले, की वादळात घराचं छप्पर गेलं असतं, केस नसते गेले.

"ग्लेंडा," आर्डिस म्हणाली, "माझी एकच मागणी आहे. दरवर्षी तू सूचीतलं वाचतेस. यंदा मूळ यादीतली ओळ वाच. जशी आहे तशी. अक्षर पुढंमागं नको."

ग्लेंडानं चष्मा लावला. "ओबेद टॅकेट, बी. स्मिथ." तिनं पुन्हा वाचलं. "अगं बाई! एकाच ओळीत? हे दोघं एकाच ओळीत आहेत?"

"एकाच ओळीत."

"मिस ऑटनी हे तोडून दोन ठिकाणी टाकलं! म्हणजे दोघं भागीदार होते! आर्डिस, म्हणजे ओबेदही लोहार होता!"

"ओबेद लोहार होता," आर्डिस म्हणाली. हे वाक्य ती अगदी छातीवर हात ठेवून म्हणू शकत होती. बाकी तिनं काहीच म्हटलं नाही. केव्हा बोलू नये हे बसच्या ड्रायव्हरइतकं कुणाला कळत नाही. "दंडाची वही बघ हवी तर. करपट्टी बघ. सगळीकडे तसंच लिहिलंय."

"सगळीकडे एकत्र!" ग्लेंडाच्या डोळ्यांत पाणी आलं. "आणि आपण त्यांना सत्तेचाळीस वर्षं वेगळं ठेवलं."

जुन्या रहिवाशांच्या दिवशी ऊन मरणाचं होतं. ग्लेंडानं माइक हातात घेऊन ओळ वाचली, थोडी रडली, आणि दोन नावं पुकारली. डेलमरनं त्या दिवशी नवा शर्ट घातला होता आणि सकाळपासून कुणाशी भांडला नव्हता. दोरी उचलून तो पलीकडे गेला. आर्डिस त्याच्या मागे, पडला तर धरायला. बार्नी सळई घेऊन उभा होता. कालच त्याला कळवलं होतं आणि कालपासून तो सगळ्या गावाला सांगत सुटला होता की आपल्या पणजोबाला एक भागीदार सापडलाय.

"ये," तो डेलमरला म्हणाला. "पण सळईचं पुढचं टोक माझं. मला सवय आहे."

"पुढचं टोक तापलेलं असतं, गाढवा. ते कुणाचंच नसतं. सरक."

"तू डावीकडे उभा राहा."

"ऐरण माझी आहे. मी उजवीकडे."

"सत्तेचाळीस वर्षं मी उजवीकडे—"

"सत्तेचाळीस वर्षं चुकीच्या बाजूला उभा होतास."

शेवटी दोघांनी एकावर एक हात ठेवून सळई धरली. चार हात, चार मतं. लाल टोक वातीभोवती माशीसारखं फिरत राहिलं. मग एकदम फस्स झालं आणि वात पेटली. आता पळायला हवं होतं. पण हे दोघं तिथंच उभे राहून कुणाच्या हातानं पेटली यावर वाद घालायला लागले. आर्डिसनं एका हातानं बापाचा पट्टा पकडला, दुसऱ्या हातानं बार्नीचे लाल गॅलिस, आणि दोघांना ओढत दोरीपर्यंत आणलं. गॅलिस हातभर ताणले गेले होते.

धडाम! मैदान हललं. टॅकेटांची ऐरण धुराच्या वर निघाली आणि क्षणभर आभाळात अशी थांबली, की तिला खाली यायचंच नाही. डेलमरनं टोपी काढली. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्याच्या लक्षातही नव्हतं. आर्डिसलाही रडू आलं. ऐरण धप्पकन गवतात पडली, तेव्हा बापानं तिचा हात इतका घट्ट दाबला की दुखलं. तिनं तो सोडवून घेतला नाही.

नंतर तिघं झाडाखाली लिंबू सरबत पीत बसले. दोन्ही म्हाताऱ्यांच्या भुवया जराशा जळल्या होत्या. बार्नी ग्लासातला बर्फ हलवत बसला होता. मग तो आर्डिसकडे सरकला.

"तू एवढे कागद बघितलेस. माझ्या बार्नाबसचं काही सापडलं का गं? कुठून आला, कसा दिसायचा, काहीही. मला कधीच काही मिळालं नाही. जाण्याआधी थोडं कळलं असतं तर बरं वाटलं असतं."

डेलमरचा ग्लास ओठांजवळच थांबला. आर्डिसला खोटं बोलायचं नव्हतं. या म्हाताऱ्याशी तर नाहीच. लहानपणी पोहायला यानंच शिकवलं होतं. तिनं गवताकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"अंकल बार्नी, एकच गोष्ट सापडली. पण ती पक्की आहे, प्रत्येक वहीत आहे. ओबेदला सोडून तो एक दिवसही कुठे राहिला नाही. दंड झाला तेव्हा बरोबर. पूर आला तेव्हा बरोबर. ओबेद गाव सोडून गेला, तर हाही गेला. ओबेद जिथं, तिथं तो."

बार्नीनं हे नीट ऐकून घेतलं. मान हलवली. त्याचा चेहरा उजळला आणि मग तो हळूच डेलमरकडे वळला.

"ऐकलंस? याला म्हणतात दोस्त. आणि तू? तीन वर्षं विचिटाला पळालास. मला इथं एकट्याला टाकून. जाताना सांगितलंही नाहीस."

सत्तेचाळीस वर्षं ऐरणीवरून भांडणाऱ्या माणसाला हे नवीन होतं. डेलमरनं ग्लास खाली ठेवला. जळक्या भुवया खाजवल्या.

"आलो ना परत, गाढवा," तो म्हणाला. "वाट पत्ते."